लोकल थांबेल तेवढंच

प्रिय इरा आणि निहार,

इराने पाठवलेलं निवेदन काल वाचलं. तुमच्या गल्लीतल्या सामाईक बागेचं एक मंडळ असतं, त्याची निवडणूक होते आणि उमेदवाराला स्वतःबद्दल चार ओळी लिहून द्याव्या लागतात, हे कळल्यावर मला इतका आनंद झाला की चहा गॅसवर विसरले. ‘आजी, इंग्रजी तेवढं तपासून दे,’ असं तू लिहिलं आहेस. इंग्रजी चांगलं आहे. स्वल्पविरामसुद्धा जागच्या जागी आहेत. पण त्यात तू स्वतःला ‘पॅशनेट’ म्हटलं आहेस, ‘डेडिकेटेड’ म्हटलं आहेस, शेवटी ‘निसर्गाची लेक’ही म्हटलं आहेस, आणि बागेत तू काय केलंस ते मात्र कुठेच नाही. वाचता वाचता माझ्या कानात एक आवाज सुरू झाला. तो विजूताई केदारींचा. दुरुस्त्या पाठवण्याआधी या विजूताई कोण ते सांगते, म्हणजे तुझा राग माझ्यावर न येता त्यांच्याकडे जाईल. त्यांना रागाची सवय होती.

विजूताई लोणावळा स्टेशनवर गाड्यांच्या घोषणा करायच्या. पुढे यंत्र आलं, त्याही निवृत्त झाल्या आणि मळवलीला स्टेशनपासून हाकेच्या अंतरावर राहू लागल्या. मूळच्या मावळातल्याच, शेतकरी घरातल्या. त्यामुळे त्यांना दोन आवाज होते. घरात, रस्त्यावर, भांडणात मावळी. कामाचं बोलायचं झालं की स्टेशनवरचा, धुतल्या तांदळासारखा. घोषणा करताना माईकचं बटण दाबून धरावं लागे, ती खोड अंगठ्यात राहिली होती. टेबलावर अंगठा टेकला की समजायचं, आता अधिकृत बोलणं आहे. अंगठा उचलला की, ‘माईक बंद झाला. आता खरं सांगू का?’

एकदा एका लग्नात त्यांना शेजारणीने विचारलं, नवरी कशी आहे. त्यांनी आधी पाटावर अंगठा दाबला आणि म्हणाल्या, ‘वधू सुस्वरूप असून उभय कुटुंबांना शुभेच्छा.’ मग अंगठा उचलला आणि शेजारणीच्या कानात जे सांगितलं त्यावर ती शेजारीण पंगतीतून उठून बाहेर हसायला गेली.

मळवलीला आमचं पाळणाघर होतं. मी तळेगावहून लोकलने जायची आणि संस्थेच्या सेक्रेटरीचं काम बघायची. बंगल्यांवर झाडलोट-स्वयंपाक करणाऱ्या बायका, लोहगडाच्या पायथ्याशी स्टॉल लावणाऱ्या बायका, भातलावणीला जाणाऱ्या बायका आपली पोरं तिथे ठेवून कामाला जात. प्रत्येक आई संस्थेची सभासद, शिवाय वर्गणी भरणारे आमच्यासारखेही. सभासदांनी मंडळ निवडायचं आणि मंडळाने पाळणाघर चालवायचं, असं आमच्या घटनेत होतं. घटना म्हणजे संस्थेची नियमावली, देशाची नव्हे. पण विजूताई दोन्हींचा उच्चार सारख्याच आदराने करायच्या.

निवडणूक अधिकारी म्हणून त्यांना आम्ही नेमलं, कारण ज्याला काहीच नको आहे असं माणूस त्या पंचक्रोशीत दुसरं सापडलं नाही. त्यांनी पहिल्याच वर्षी छापील निवेदनं बंद केली. ‘छापता कशाला? त्यात भजी बांधत्यात,’ म्हणाल्या. त्याऐवजी सगळ्या उमेदवारांची निवेदनं त्या स्वतः सभासदांपुढे वाचणार, एकाच आवाजात, आणि उमेदवारांनी भिंतीला टेकून गप्प उभं राहायचं. म्हणजे कुणाला गोड गळ्याची मतं मिळायला नकोत. आणखी एक. प्रत्येक वाक्य वाचून झालं की त्या थांबणार. ते वाक्य खरं असल्याचं ज्याने स्वतः पाहिलं असेल, त्याने ‘व्हय’ म्हणायचं. कुणीच म्हणालं नाही तर वाक्य गळालं. नातेवाइकांचं ‘व्हय’ धरायचं नाही.

घटनेत निवेदन ‘थोडक्यात’ असावं असं होतं. थोडक्यात म्हणजे किती, यावर आधीची मंडळं भांडून वेगळी झाली होती. विजूताईंनी तो वाद एका दुपारी मिटवला. लोकल मळवलीला थांबते तेवढ्यात वाचून होईल ते थोडक्यात. त्यासाठी उमेदवाराला घेऊन त्या खरोखर फलाटावरच्या बाकावर बसायच्या. गाडी थांबली की वाचायला सुरुवात, हलली की पुरे. उरलेलं त्या पेनाने उडवायच्या. पहिल्यांदा येणाऱ्या उमेदवाराला आधीच बजावायच्या, ‘काय केलंत ते गाडीत बसंल. तुमी कसं हायसा ते फलाटावर ऱ्हाईल.’ एका उमेदवाराचं निवेदन ‘माझ्या बालपणापासूनच’ इथपर्यंत आलं आणि गाडी सुटली. तो मुकाट्याने तेवढंच घेऊन निवडणुकीला उभा राहिला, आणि गंमत म्हणजे निवडूनही आला. लोकांना वाटलं, पुढे काहीतरी चांगलंच असणार.

आता ज्या वर्षाबद्दल सांगायचं आहे त्या वर्षी मंडळात एकच जागा रिकामी होती आणि अर्ज आले दोन.

पहिला प्रभाकररावांचा. तळेगावच्या कारखान्यातून मॅनेजर म्हणून निवृत्त झालेले, मळवलीला टुमदार घर, पांढरी मिशी, हाताची घडी. माणूस मनाचा चांगला, फक्त वाक्याची सुरुवात ‘मी’ने केल्याशिवाय त्यांना वाक्य जमायचं नाही.

दुसरा अर्ज मंगलचा. मंगलचा लोहगडवाडीला स्टॉल, भजी, मॅगी, लिंबू सरबत. तिची मोठी दोन पाळणाघरातच वाढली आणि धाकटी परी नुकती रांगायला लागली होती. मंगलला मंडळात एकाच गोष्टीसाठी यायचं होतं. पाळणाघर रविवारी बंद असायचं. मंडळातले आम्ही सगळे ऑफिसातली माणसं, रविवार म्हणजे सुट्टी हे आमच्या हाडात बसलेलं. पण मावळात रविवारी पुण्या-मुंबईची माणसं गडावर चढतात आणि बंगले भरतात. आमच्या आयांना सगळ्यात जास्त काम रविवारीच. त्या दिवशी परी स्टॉलमागे, तेलाच्या कढईपासून दोन हातांवर, गोणपाटावर बसलेली असायची.

मंगलचा अर्ज छाननीतच अडकला. घटनेचा नियम होता की उमेदवार निवडणुकीआधीच्या सर्वसाधारण सभेला पूर्ण वेळ हजर असला पाहिजे. आणि दुसरा नियम होता की सर्वसाधारण सभा रविवारीच घ्यावी. म्हणजे ज्या बाईला रविवारचं बोलायचं होतं, तिलाच रविवारी येता येत नव्हतं. सभा अजून व्हायची होती, पण मंगल स्टॉल टाकून येणार कशी?

ती पाळणाघराच्या पायरीवर बसून म्हणाली, ‘मावशी, एक डाव सोडा की नियम. कोण बघतंय?’

विजूताईंनी पायरीवर अंगठा टेकला. ‘अनुपस्थित उमेदवाराचा अर्ज अपात्र ठरवण्यात येईल. गैरसोयीबद्दल क्षमस्व.’

‘ह्ये माईकवरलं झालं. माईक बंद करून सांगा.’

अंगठा वर आला. ‘माईक बंद करून बी त्येच हाय, बाई. आज तुझ्यासाठी सोडला, तर उद्या कुनासाठी बी सोडावा लागंल. नियम मोडायचा न्हाई.’ मग त्यांनी समोरच्या डोंगराकडे पाहिलं. ‘वहिनी,’ त्या मला म्हणाल्या, ‘सभा रविवारी घ्या म्हणतंय. कुटं घ्या म्हणतंय?’

मी घटना उघडून पाहिली. ‘सभासदांच्या सोयीच्या ठिकाणी,’ मी वाचलं.

‘मंग झालं,’ विजूताई म्हणाल्या. ‘मंगल, तुझ्या हितं बाकडी किती हायती?’

अशा तऱ्हेने आमच्या संस्थेची सर्वसाधारण सभा एका भर रविवारी लोहगडवाडीला, मंगलच्या स्टॉलवर भरली. तळेगावची मंडळी जीपगाड्यांतून वर आली. अध्यक्षांना खुर्ची मिळाली, बाकीचे बाकड्यांवर, दगडांवर आणि शेजारच्या स्टॉलच्या आइस्क्रीमच्या पेटीवर. मी अहवाल वाचायला उभी राहिले आणि पहिल्याच परिच्छेदात पाठीवर भलीमोठी बॅग घेतलेला एक तरुण मला म्हणाला, ‘काकू, दोन मॅगी, एक जरा तिखट.’ मी वाचत राहिले. मंगल कढईपुढून म्हणाली, ‘दादा, बसा, त्या सेक्रेटरी हायेत. मॅगी मी करते.’

विजूताईंनी तिला स्टॉलच्या आत, अगदी सगळ्यांसमोर दिसेल असं बसवलं होतं. झारा हलवायला हरकत नाही, पण कान सभेत, असा हुकूम होता. मंगलने तो इतका पाळला की अध्यक्षांनी ‘मागील सभेचा वृत्तांत मंजूर आहे काय?’ असं विचारल्यावर ती ‘मंजूर, आणि ही कुणाची कांदाभजी?’ असं एका दमात म्हणाली. पुढच्या ठरावाला अनुमोदन कोण देतं असं विचारलं तेव्हा मागून तीन हात वर झाले. ते तिघे चेन्नईचे होते आणि त्यांना लिंबू सरबत हवं होतं. विजूताईंनी बाकड्यावर अंगठा टेकून जाहीर केलं, ‘पर्यटकांचे अनुमोदन ग्राह्य धरले जाणार नाही. कृपया नोंद घ्यावी.’ तेवढ्यात एक माकड छपरावरून उतरलं आणि अध्यक्षांच्या पुढ्यातलं बिस्कीट घेऊन गेलं. कुणीतरी ओरडलं, हाकला त्याला. ‘बसू द्या,’ विजूताई म्हणाल्या, ‘मत न्हाई त्येला.’

मी इतक्या सभा पाहिल्या, पण ताळेबंद वाचला जाताना लोक डोळे पुसेपर्यंत हसताहेत अशी ती एकच.

मध्येच प्रभाकररावांचा फोन वाजला. ते बोलत बोलत स्टॉलमागे गेले. बराच वेळ आले नाहीत. आले तेव्हा फोन खिशात होता आणि कडेवर परी होती. तसेच ते जागेवर बसले. परीने त्यांची मिशी धरली होती, ती त्यांनी सभा संपेपर्यंत सोडवून घेतली नाही.

मात्र सभा संपल्यावर त्यांनी हरकत घेतलीच. मॅनेजर माणूस. म्हणाले, ‘मी एक मुद्दा मांडतो. मंगलबाई मध्ये पाण्याची कळशी आणायला गेल्या होत्या. नियमात पूर्ण वेळ म्हटलंय.’

 ती गेली होती, हे खरं होतं. मंगलने झारा खाली ठेवला.

विजूताईंनी अंगठा टेकला. ‘हरकत नोंदवून घेतली आहे. उमेदवार प्रभाकरराव हेही फोनवर बोलण्यासाठी सभास्थान सोडून गेले होते. दोघांना एकच माप लावण्यात येईल. दोघे पात्र किंवा दोघे अपात्र. कोणते माप लावावे, हे हरकत घेणाऱ्याने सांगावे.’

प्रभाकररावांनी मिशीशी खेळणाऱ्या परीकडे पाहिलं. ‘पाणी लागतंच माणसाला,’ ते म्हणाले. ‘मी हरकत मागे घेतो.’

मग आली फलाटाची पाळी. प्रभाकरराव निवेदनाची तीन पानं घेऊन आले. मी म्हटलं, आता यांचं पहिलं पान पुरं झालं तरी पुष्कळ. लोकल आली, विजूताईंनी वाचायला सुरुवात केली आणि पुढे कुठेतरी सिग्नल अडकला. मागून एक एक्स्प्रेस यायची होती. लोकल हलेना. विजूताई वाचतायत, प्रभाकररावांचा चेहरा फुलतोय, डब्यातली माणसं खिडकीतून डोकी काढून ऐकतायत. पहिलं पान संपलं, दुसरं संपलं. तिसऱ्या पानावर त्यांच्या शाळेतल्या वक्तृत्व स्पर्धेचा चषक होता, तोही झाला. शेवटी पत्नीचे आभार मानून झाले आणि मग गाडीने शिट्टी दिली.

मी म्हटलं, ‘विजूताई, हे काही थोडक्यात नव्हे.’

‘गाडी थांबली हुती नव्हं?’ त्या म्हणाल्या. ‘मंग बसलं. नियम म्हंजे नियम.’ प्रभाकररावांनी तिथल्या तिथे सगळ्या डब्याला हात जोडले.

मंगलचं निवेदन वाडीतल्या कुणीतरी तिला लिहून दिलं होतं. ‘मी एक गरीब, कष्टकरी, अबला माता असून’ अशी सुरुवात होती. विजूताईंनी गाडी यायच्या आधीच ती ओळ खोडली.

मंगलला ते लागलं. ‘का ओ मावशी? गरीब न्हाई का मी?’

‘हायस की. त्ये फलाटावर ऱ्हाऊ दे. त्यांच्या मोठेपणाला कात्री, तर तुझ्या गरिबीला बी कात्री. रविवारी काय हुतं ते सांग.’

मंगलने चपलेच्या टोकाने फरशी उकरली. ‘काय हुनार. मी भजी तळते आन् परी कढईकडं सरकते. मी एक डोळा तेलावर ठिवते, एक तिच्यावर.’

‘लिवा, वहिनी,’ विजूताई म्हणाल्या. मुलं पाळणाघरात वाढल्याची ओळ तेवढी ठेवली होती, तिच्याखाली मी भज्यांचं आणि परीचं एकेक वाक्य लिहिलं. लोकल आली, त्यांनी वाचलं, वाचून झालं तरी गाडी अजून उभीच होती. ‘अजून बसंल,’ विजूताई म्हणाल्या. ‘बोल.’

‘झालं की,’ मंगल म्हणाली.

मतदान बुधवारी ठेवलं, कारण बुधवारी गडावर चिटपाखरू नसतं. पाळणाघराची मोठी खोली भरली. पोरांना पलीकडच्या खोलीत ठेवलं होतं, त्यामुळे सगळी सभा रडण्याच्या आणि खुळखुळ्यांच्या साथीवर चालली. भिंतीला टेकून एकीकडे प्रभाकरराव, दुसरीकडे मंगल.

आधी प्रभाकररावांचं वाचन. ‘मी समाजासाठी अहोरात्र झटलो आहे.’ विजूताई थांबल्या. पलीकडे एक खुळखुळा वाजला. बाकी काही नाही. ‘मी एक कुशल संघटक आहे.’ शांतता. ‘मी वक्तृत्व स्पर्धेत चषक मिळवला आहे.’ कुणीतरी खोकलं, पण ते ‘व्हय’ नव्हतं. वाक्यामागून वाक्य गळत चाललं आणि विजूताईंचा आवाज तसूभरही बदलत नव्हता, जणू गाड्या रद्द झाल्याच्याच घोषणा चालल्या आहेत. आधी लोक हसत होते, मग हसायचे थांबले, कारण तीन पानं फार मोठी असतात. प्रभाकररावांच्या हाताची घडी सुटली होती. कुठेतरी मधे एक वाक्य आलं, ‘पाळणाघराचा झोपाळा मी दुरुस्त केला आहे.’

‘व्हय,’ कुणीतरी मोठ्याने म्हणालं.

सगळ्यांनी माना वळवल्या. ती मंगल होती. ‘मी बघितलं की. स्वतः खाली आडवं पडून बोल्ट आवळीत हुते.’

उमेदवाराने गप्प उभं राहायचं, हा नियम तिने मोडला होता. विजूताईंनी टेबलावर अंगठा टेकला, उचलला, परत टेकला. ‘होकार नोंदवला आहे. उमेदवाराने पुन्हा बोलू नये.’

मग मंगलचं वाचन. ‘माझी मुलं ह्या पाळणाघरात वाढली.’ ‘व्हय,’ पाळणाघरातल्या सगळ्या मावश्या एकदम म्हणाल्या. ‘मी रविवारी स्टॉलवर भजी तळते.’ याला तर सभेतले निम्मे लोक ‘व्हय’ म्हणाले, खाऊन आले होते. ‘तेव्हा परी कढईकडं सरकते.’

वाडीच्या बाजूने जोरात ‘व्हय’ आलं. विजूताईंनी हात वर केला. ‘नातेवाइकांचा होकार ग्राह्य नाही.’ आणि वाडीत कोण कुणाचं नातेवाईक नाही? कुणी चुलती, कुणी नणंद, कुणी व्याही. वाडीची सगळी बाजू गप्प झाली.

तेच एक वाक्य होतं ज्यासाठी ती उभी होती. ते गळालं की उरत होती एक भजी तळणारी बाई. विजूताई थांबल्या. पुढचं वाचायला पुढचं काही नव्हतंच. मी त्यांच्याकडे पाहत होते. अंगठा टेबलावर इतका दाबला होता की नख पांढरं पडलं होतं. गळालं, असं म्हणायला त्यांनी तोंड उघडलं.

‘हो,’ प्रभाकरराव म्हणाले.

भिंतीपासून पुढे येऊन ते टेबलासमोर उभे राहिले. ‘मी पाहिलंय. सभेच्या दिवशी मी फोनवर होतो. पोरीचा हात कढईच्या कानाजवळ पोचला होता. मी उचललं तिला.’ आणि मग मिशीवरून हात फिरवत, ‘उमेदवाराने बोलायचं नाही हे मला माहीत आहे. मी ते पाळू शकत नाही.’

विजूताईंनी अंगठा उचलला. मावळीत म्हणाल्या, ‘बसा, भाऊ. उभं ऱ्हाऊन ऱ्हाऊन पाय दुखलं असतील.’ मग अंगठा परत टेकवून, ‘होकार नोंदवला आहे. मतदान सुरू करण्यात येत आहे.’

मंगल निवडून आली. प्रभाकररावांना स्वतःचं मत धरून फारच थोडी मतं पडली, आणि मंगलने नंतर मला सांगितलं की त्यातलं एक तिचं होतं. मंडळाच्या पहिल्याच बैठकीत रविवारचा ठराव झाला. त्या दिवशी पोरांजवळ बसायला कोण येणार, असा प्रश्न आला तेव्हा प्रभाकररावांनी निरोप पाठवला, ‘मी येईन.’ विजूताईंनी तो निरोप वाचून शेरा मारला, ‘आता मीनं सुरू झालेलं वाक्य बी गाडीत बसतंय.’

त्यांना मी शेवटचं पाहिलं ते मळवलीच्याच फलाटावर. मी तळेगावला परतत होते. लोकल आली, मी खिडकीजवळ बसले आणि त्या बाहेर उभ्या राहून बोलत होत्या, भाताचं, गुडघ्यांचं, सुनेच्या नव्या मिक्सरचं. मग एकदम गजाला धरून जवळ आल्या आणि म्हणाल्या, ‘आन् हां, वहिनी, त्या मंगलला सांगा, की’, आणि गाडी हलली. चार पावलं त्या बरोबर चालल्या, ओठ हलताना दिसत होते, ऐकू काही येत नव्हतं. मग थांबल्या, स्वतःशीच हसल्या आणि हवेत अंगठा वर केला. माईक बंद.

त्यानंतर थोड्याच दिवसांत त्या झोपेतच गेल्या.

मी मंगलला म्हटलं, ‘विजूताईंनी तुला काहीतरी सांगायला सांगितलं होतं.’

‘काय?’

‘गाडी सुटली.’

मंगलने डोळे पदराने पुसले. ‘मंग थोडक्यात नसंल ते,’ ती म्हणाली, आणि आम्ही दोघी पाळणाघराच्या पायरीवर बसून पोरं दचकून उठतील इतक्या हसलो.

तर इरा, तुझं निवेदन दुरुस्त करून सोबत पाठवते आहे. ‘निसर्गाची लेक’ फलाटावर राहिली. मागच्या उन्हाळ्यात तू शेजारच्या म्हाताऱ्या बाईंच्या वाफ्याला रोज पाणी घातलंस, असं निहारने मला फोनवर सांगितलं होतं. तेवढं ठेवलं आहे. निहार तुझा भाऊ, त्यामुळे त्याचं ‘व्हय’ चालणार नाही. त्या बाईंना सभेला यायला सांग.

मळवलीला निवेदनं अजून फलाटावर वाचून पाहतात. पाळणाघर रविवारी उघडं असतं.

— आजी